आईला सांगू नकोस

॥ श्री ॥
लालबाग, मुंबई
१२ जुलै १९८२

ती. स्व. गुणवंती आत्या हिस,
लतिकाचे शि. सा. न. वि. वि.

एसटीतून उतरल्या उतरल्या पत्र टाक असं तू बजावलं होतंस आणि मी आज टाकतेय. रागावू नकोस. रागावलीस तरी आता इतक्या लांबून माझा कान काही तुझ्या हाती लागत नाही.

शाळेत जाऊन आले. हेडमास्तर चांगले बोलले, हळहळलेसुद्धा, पण दहावीच्या वर्गात माझी जागा भरली आहे. एकदा गावी जायचं म्हणून दाखला काढून नेला म्हणजे नेला, असं म्हणाले. बाबा तिथेच मान खाली घालून उभे होते. मी बाहेर आल्यावर त्यांना म्हटलं, बाबा, निदान गावी हायस्कूल आहे का एवढं पत्रानं विचारायचं होतं! तर म्हणतात, गेल्या गणपतीत मी स्वतः पाया घातलेला पाहिला होता. मी सांगितलं, पाया अजून पायाच आहे, त्यात बकऱ्या बसतात. तेव्हा ते हसले. गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच हसले असतील.

तर आता तू म्हणालीस तसंच करायचं. बाहेरून फॉर्म भरायचा, घरी अभ्यास करायचा आणि मार्चमध्ये परीक्षेला बसायचं. आईनं निघताना काय सांगितलं ते तूही ऐकलंस. यंदा दहावी झाली नाही तर परत गावी, आणि मग शाळेचं नाव काढायचं नाही. म्हणून मला झालीच पाहिजे.

बाबा दिवसभर मीटिंगा करत असतात. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना कुलपं आहेत, सगळी गावी गेलीत. मंडळाच्या मुलींच्या कबड्डी टीममधली मी एकटीच उरलेय. काल खोलीत खडूनं मधली पट्टी आखली आणि एकटीच चढाई करून पाहिली. समोर पाण्याचं पिंप, स्टोव्ह आणि कपाट असे तीन भिडू. पिंप काही केल्या बाद होत नाही. मग शेजारच्या सोनूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मी स्वतःशीच काय पुटपुटतेय म्हणून माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागल्या.

आईला म्हणावं, मी जेवते. बाळ्या-नंदूला माझ्या वह्यांना हात लावू देऊ नकोस. बाळ्याला एक धपाटा माझ्यातर्फे.

तुझी माया अशीच राहो.
लतिका

॥ श्री ॥
सडेकोंड, ता. देवगड
९ ऑगस्ट १९८२

चि. लतिकास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तांबड्या शाईनं खुणावून तेच पत्र परत पाठवत आहे. आंतरदेशीय पत्राचा असा उपयोग केल्याबद्दल पोस्टखात्यानं मला दंड करायला हरकत नाही. बाकी मजकूर ठीक आहे. पिंपाचं ऐकून तुझी आई हसली आणि मग बराच वेळ चुलीपाशी तोंड फिरवून बसली.

आता अभ्यासाचं. मराठी, इतिहास, भूगोल माझ्या हातचे. बीजगणिताचं म्हणशील तर मी चौथीच्या पोरांना पाढे शिकवणारी बाई. पण पुस्तक मागवलं आहे. आदल्या संध्याकाळी मी शिकते आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी लिहून काढते. त्यामुळे तू माझ्याहून एका धड्यानं मागे राहशील, जास्त नाही. इंग्रजीची मात्र आपल्या दोघींनाही भीती वाटते, तेव्हा ती समान वाटून घेऊ. रोज एक उतारा मोठ्यानं वाच. कुणी ऐकणारं नसलं तरी वाच.

सोबत निबंधाचे विषय आहेत. 'माझा आवडता ऋतू' लिहू नकोस, सगळे तोच लिहितात आणि तपासणाऱ्याला झोप येते.

आणि काही वाचत जा ग. वाचनालयात जा. एकटीच्या घरात पुस्तकाइतकी सोबत दुसरी नाही, हे मी अनुभवानं सांगते. तुझे आतोबा गेल्यावर मला याच पुस्तकांनी तारलं, नाहीतर या उघड्या, खडकाळ सड्यावर माणूस वारा ऐकून वेडा होईल.

तुझ्या आईचा निरोप असा की, डोक्याला तेल लाव, गॅलरीत केस मोकळे सोडून उभी राहू नकोस, आणि बाबांना वेळेवर वाढ. तिनं आणखीही बरंच सांगितलं, पण पत्राची जागा संपली.

आशीर्वाद आहेतच, ते कमी पडायचे नाहीत.
तुझी आत्या, गुणवंती

॥ श्री ॥
लालबाग, मुंबई
२५ ऑक्टोबर १९८२

ती. स्व. गुणवंती आत्या हिस,
लतिकाचे शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली समीकरणं सोडवली. तिसऱ्यात तुझंच चिन्ह चुकलं आहे, बाई! मी तांबडी शाई विकत आणणार आहे.

लोअर परळच्या वाचनालयात आता मी रोज जाते. तिथे सगळे संपावरचे काका लोक सकाळपासून बसलेले असतात. एकच पेपर, म्हणून त्याची पानं सुटी करून वाटून घेतात. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा बाजारभाव येतात. आता मला नारळाचा आणि गुळाचा भाव तोंडपाठ आहे. पण ग्रंथपाल चांगले आहेत, मला आतल्या कपाटातून पुस्तकं काढून देतात. प्रवासवर्णनं संपवली, आता चरित्रं सुरू केलीत. मोठी झालेली माणसं लहानपणी सगळी एकटीच असायची का ग? का एकटी नसलेल्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही?

आणि एक मज्जा. दादरला एका मैदानावर बायकांची टीम संध्याकाळी खेळते. मी आधी नुसती कडेला बसून बघायची. एक दिवस त्यांना एक भिडू कमी पडला आणि शांताताईंनी, म्हणजे त्यांना शिकवतात त्या, बोट दाखवून मलाच आत बोलावलं. आता मी रोज चालत जाते. माझा दम चांगला आहे म्हणतात. पिंपासमोर घेतलेला दम तो! पण शांताताई माझ्यावर चिडतात. मी मधल्या पट्टीपर्यंत पोचू शकत असूनही पकडली जाते, सुटायची धडपडच करत नाही, असं त्यांचं म्हणणं. आत्या, खरं सांगू? त्या सगळ्या जणी एकदम अंगावर येतात ना, कुणी पाय धरते, कुणी कमरेला मिठी मारते, तेव्हा मला सुटावंसं वाटतच नाही. किती दिवसांत मला कुणी धरलंच नव्हतं ग.

आता जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. बाबा इथे नाहीत. ऑगस्टपासून ते भिवंडीला पॉवरलूमवर जातात. संपवाल्यानं तिथे जायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं, म्हणून चाळीत कुणाला सांगितलेलं नाही. सुट्टी मिळाली की येतात, कधी मिळतच नाही. मी इथे एकटीच असते. दिवसाचं काही वाटत नाही, रात्री वाटतं. मला भीती वाटते हे मी बाबांना सांगत नाही, कारण मग ते भिवंडी सोडतील. आणि आईला कळलं तर ती पहिल्याच गाडीनं येऊन मला घेऊन जाईल आणि माझी दहावी तिथेच संपेल. म्हणून आईला सांगू नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ, आईला सांगू नकोस. काही झालंच तर असावा म्हणून बाबांचा तिथला पत्ता खाली लिहिला आहे.

मला कुणालातरी सांगायचं होतं. सांगितल्यावर बरं वाटलं.

तुझा लोभ आहे तोवर मला काळजी नाही.
लतिका

॥ श्री ॥
सडेकोंड
८ नोव्हेंबर १९८२

चि. गंगाधर यास,
गुणवंतीचे आशीर्वाद. तुला आशीर्वाद द्यावेत की दोन थोबाडीत द्याव्यात, याचा विचार करते आहे. पण थोरल्या बहिणीला दोन्हीचा अधिकार आहे.

पंधरा वर्षांची पोर लालबागच्या खोलीत एकटी ठेवून तू भिवंडीला माग चालवतोस आणि आम्हाला पत्ता नाही! कशाची लाज वाटली तुला? पोटासाठी काम करण्याची? अरे, लाज वाटायची तर ती तिला एकटी ठेवण्याची वाटू दे.

मला कसं कळलं ते सांगते. लतिकानं मलाच लिहिलं होतं, आईला सांगू नकोस अशी शपथ घालून. पण पत्र आलं तेव्हा मी मालवणला शिक्षकांच्या शिबिराला गेले होते. पोरगी मुंबईची, तिच्या लक्षात यायचं नाही, पण तुझ्या तरी यायला हवं होतं की आपल्या वाडीत पत्र म्हणजे एकट्याचं नसतं. लवू पोस्टमननं नेहमीसारखं ओटीवर बसून पाणी मागितलं, आणि रखमानं नेहमीसारखं लेकीचं पत्र फोडून त्याच्या हातात दिलं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. लवूचा आवाज तुला माहीत आहे, एक पत्र वाचतो ते अख्ख्या वाडीला ऐकू जातं. कबड्डीपर्यंत सगळ्या हसत होत्या. मग 'बाबा इथे नाहीत' आलं. लवू बिचारा अडखळला. 'आईला सांगू नकोस' इथे तर त्याचं तोंडच मिटलं. तो पत्राची घडी घालायला लागला, तर रखमानंच त्याला सांगितलं की वाच, शेवटपर्यंत वाच. त्यानं वाचलं. मी चार दिवसांनी परत आले तेव्हा लवूच मला वाटेत भेटून रडला.

मला वाटलं रखमानं गाठोडं बांधलं असेल. बांधलं होतंच, आणि रात्रभरात सोडलंही होतं. मला म्हणाली, चेडवाक वाटता ना आवशीक कळूचा नाय, मगे आवशीक कळला नाय. आईला कळलंच नाही, असं धरायचं. एवढंच. जाऊन आणलं तर पोरीचं वर्ष जाईल आणि ती मला जन्मभर माफ करायची नाही, असंही म्हणाली. वाडीतल्या बायकांना तिनं हात जोडून सांगितलं आहे की ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. तेव्हापासून ती जेवायला बसते आणि तशीच उठते, ते वेगळं.

तर आता तू एवढं कर. ताबडतोब लालबागला जा आणि सोनूबाईंच्या पाया पडून त्यांना रोज रात्री लतिकापाशी झोपायला पाठव. कारण काहीही सांगू देत, पण आम्हाला कळल्याचं लतिकाला कळू देऊ नका. पोरीचा जीव थोडाथोडा होईल, अभ्यासातून मन उडेल. परीक्षा होईपर्यंत आपण सगळ्यांनी मिळून तिला फसवायचं आहे.

स्वतःची प्रकृती सांभाळ. दिवाळीत एक दिवस तरी तिच्याजवळ राहा, हे मी विनंती म्हणून नव्हे, हुकूम म्हणून लिहिते.

गुणवंती

॥ श्री ॥
लालबाग, मुंबई
१६ जानेवारी १९८३

ती. सौ. आईस,
लतिकाचे शि. सा. न. वि. वि.

आत्या हे पत्र तुला वाचून दाखवेल, तेव्हा तिनं मध्येच थांबून माझ्या चुका काढू नयेत. तू पाठवलेली सोलं आणि कुळथाचं पीठ पोचलं. पिठी केली. बाबांना फार आवडली, दोनदा मागून घेतली. बाबा बरे आहेत. मीटिंगा चालूच आहेत. रात्री ते गॅलरीतच झोपतात, कारण सोनूबाई सध्या आमच्याकडे झोपायला येते. तिच्या खोलीत ढेकूण झालेत म्हणे. दिवाळीपासून झालेत ते अजून आहेतच. मी म्हटलं औषध मारून देते, तर औषधाच्या वासानं तिचं डोकं दुखतं. घोरते खूप, पण असू दे.

दिवाळीत बाबा घरी होते. म्हणजे ते घरीच असतात, पण त्या दिवशी दिवसभर होते. आम्ही कंदील केला. तुझ्यासारखी करंजीची मुरड काही मला जमली नाही, सगळ्यांचं सारण तेलात गेलं. बाबांनी तेच चमच्यानं काढून खाल्लं.

अभ्यास चांगला चाललाय. भूमितीची प्रमेयं मी फरशीवर खडूनं काढते आणि पुसून पुन्हा काढते. शेवटचे दोन महिने खेळ बंद ठेवायचा असं शांताताईंनी स्वतःच सांगितलं. त्याआधी परळला एक सामना झाला. आमच्या बाजूला तीनच जणी उरल्या होत्या तेव्हा मी चढाईला गेले आणि या वेळी खरंच सुटून परत आले. लोक ओरडत होते. मी सवयीनं कडेला बघितलं. सगळ्यांच्या घरचे आले होते. बाबांना यायचं होतं, पण नेमकी मीटिंग लागली.

आई, तू कशी आहेस? बाळ्याचा खोकला गेला का? तू माझी काळजी करू नकोस. इथे सगळं नेहमीसारखं आहे.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारी,
लतिका

॥ श्री ॥
सडेकोंड
१० फेब्रुवारी १९८३

चि. लतिकास,
आईचे अनेक आशीर्वाद. हस्ते गुणवंती.

तुझं पत्र ऐकलं. परत एकदा वाचायला लावलं. तू सुटून परत आलीस ते आवडलं. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण परत आलीस हे कळलं.

तुझ्या बाबांना म्हणावं, गॅलरीत थंडी असेल, गोधडी अंगावर घेत जा. सोनूबाईकडे ढेकणांचं औषध मारू नकोस. राहू देत ढेकूण. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये. ती येते तर तिला सकाळचा चहा देत जा.

बाळ्याचा खोकला गेला. नंदू तुझ्या वहीत कोंबडी काढतो. मी बरी आहे. भाताची कामं झाली, आता आंब्याला मोहोर आहे. इथेही सगळं नेहमीसारखं आहे.

परीक्षेच्या दिवसांत दही खाऊन जा. पेपर लिहिताना घाई करू नकोस. येत नसेल ते सोडून पुढचं लिही, असं आत्या म्हणते. भीती वाटली तर देवाचं नाव घे. परीक्षेची म्हणते मी.

आईची माया तुझ्या पाठीशी आहे, असं समज.
रखमा

ता. क. लतिका, हे सगळं रखमाचंच आहे, मी एक शब्द घातलेला नाही. सांगताना ती ओटीच्या खांबाला धरून उभी होती. तुझं बीजगणित आता माझ्या पुढे गेलं आहे, तेव्हा माझ्या भरवशावर राहू नकोस. — आत्या

॥ श्री ॥
लालबाग, मुंबई
२६ मार्च १९८३

ती. स्व. गुणवंती आत्या हिस,
लतिकाचे शि. सा. न. वि. वि.

तू पक्की लबाड आहेस. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

काल शेवटचा पेपर झाला, भूगोलाचा. चांगला गेला. दादरच्या केंद्रावर सगळ्या मुली आपापल्या शाळेच्या, घोळक्यानं येणाऱ्या. बाहेरून बसलेली त्या खोलीत मी एकटीच होते. सुटल्यावर त्या फाटकाशी एकमेकींना उत्तरं विचारत उभ्या राहतात, तिथून मी रोज अंग चोरून निघायची. काल फाटकाबाहेर झाडाखाली एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हिरवं नऊवारी. मला वाटलं, आईसारखी दिसते. जवळ गेले तर आईच.

ती एकटी आली, आत्या! जिला देवगडच्या बाजाराला जाताना सोबत लागते, ती रात्रभर एसटीनं परळला उतरून, माणसांना विचारत विचारत दादरपर्यंत चालत आली. सकाळपासून तिथे बसली होती. पेपर सुरू व्हायच्या आधी आली होती, पण मला दिसायला नको म्हणून झाडामागे थांबली. मी बिचकेन आणि लिहिलेलं विसरेन असं तिला वाटलं.

मी पहिली थाप मारली, ती अशी की बाबा मीटिंगला गेलेत, संध्याकाळी येतील. तिनं माझ्या हातातलं पॅड आणि कंपास घेतली, पदरानं माझं तोंड पुसलं आणि एवढंच विचारलं की, सोनूबाई यायला लागायच्या आधी रात्री दाराची कडी कुठली लावायचीस, वरची की खालची?

मी म्हटलं, दोन्ही. आणि आतून पिंप लावायची.

मग ती खालीच बसली. तिथे, दादरच्या फुटपाथवर. माणसं बघत होती. मीही बसले. तिनं मला धरलं ते किती वेळ सोडलंच नाही. रडत रडत सांगत होती, लवूनं वाचलं, मी सगळं ऐकलं, रोज रात्री मी तिकडे जागी असायचे, पण आले असते तर तुझं वर्ष गेलं असतं. आणि इकडे मी एवढी पत्रं लिहिली, एवढ्या थापा मारल्या. बाबांना पिठी वाढली, गॅलरीत झोपवलं. आणि तुम्ही सगळ्या मिळून ते ऐकत होतात! मला तुझा आधी भयंकर राग आला, मग लाज वाटली, आणि मग असं वाटलं की इतके महिने मी एकटी नव्हतेच, फक्त मला कुणी ते सांगितलं नव्हतं. ते सांगायला काय झालं होतं ग? एकदा तरी? नाही, नको. तू केलंस तेच बरोबर असेल. पण एकटं वाटलं ते वाटलंच ना. ते आता कुणाला परत घेता येणार नाही.

बाबांना निरोप पाठवलाय, आज संध्याकाळी येतील. आई म्हणते, गिरणी सुरू व्हायची तेव्हा होईल, पोरांची शाळा लागायच्या आधी ती बाळ्या-नंदूला घेऊन इकडेच येणार. सोनूबाईबरोबर खानावळीचे डबे करायचे असं दोघींचं सकाळीच ठरलंसुद्धा. सोनूबाईनं मला सांगून टाकलं की तिच्या खोलीत उभ्या जन्मात ढेकूण झाला नाही.

हे पत्र मी गॅलरीत बसून लिहितेय. दुपार आहे, चाळ झोपलीय. आई जेवून जी आडवी झाली ती दाराच्या उंबऱ्यालाच, आडवी, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. मी म्हटलं आत पंख्याखाली नीज, तर ऐकलं नाही. आता गाढ झोपलीय. मला आत जायचं तर तिला ओलांडून जावं लागेल, आणि निजलेल्या माणसाला ओलांडू नये असं तिनंच शिकवलंय. म्हणून मी बाहेरच आहे आणि पत्र एवढं लांबलं. ती उठेपर्यंत आणखी काय लिहू ते सुचत नाही. उठवावंसं वाटत नाही.

लोभ होताच, आहेच. चुका काढून पत्र परत पाठव.
तुझी,
लतिका